सहा एलईडी, एक मल्टिमीटर आणि प्लँकचा स्थिरांक

वीज, इलेक्ट्रॉनिक्स आणि अणुभौतिकी हे विषय बहुतेकांच्या तीन वेगळ्या वह्यांत राहतात. पहिलीत ओहमचा नियम, दुसरीत डायोड, तिसरीत फोटॉन (प्रकाशाचे कण), आणि तिघांची एकमेकांशी ओळख करून द्यायची राहूनच जाते. ही ओळख एका टेबलावर, एका संध्याकाळी होऊ शकते. ९ व्होल्टची बॅटरी, दोन-तीन रेझिस्टर, वेगवेगळ्या रंगांचे सहा एलईडी आणि साधा डिजिटल मल्टिमीटर एवढ्या सामानावर प्लँकचा स्थिरांक, म्हणजे फोटॉनची ऊर्जा आणि प्रकाशाची वारंवारिता यांना जोडणारा आकडा, काढता येतो. काळजीपूर्वक केले तर उत्तर खऱ्या किमतीच्या ५ ते १० टक्क्यांच्या आत येते.

प्रयोग नवा नाही, पण तो बऱ्याचदा चुकीच्या रीतीने केला जातो. अंधारात एलईडीचे व्होल्टेज हळूहळू वाढवायचे, तो उजळताना दिसला की आकडा टिपायचा आणि सूत्रात घालून मोकळे व्हायचे, ही ती चुकीची रीत. उत्तर कधी जवळ येते, कधी पाव हिस्सा कमी येते, आणि दोन्ही वेळा का ते कळत नाही. म्हणून जोडणीकडे वळण्याआधी आपण नेमके काय मोजतो ते पाहू.

मोजायचे काय

एकट्या अणूत इलेक्ट्रॉनला ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच राहता येते. असे असंख्य अणू स्फटिकात दाटीने बसले की त्या पातळ्या पसरून पट्टे तयार होतात. खाली संयुजा पट्टा, वर वहन पट्टा, आणि मधे अशी फट की जिथे इलेक्ट्रॉनला थारा नाही. एलईडीतून करंट वाहतो तेव्हा वरच्या पट्ट्यातला इलेक्ट्रॉन खालच्या पट्ट्यातल्या रिकाम्या जागेत पडतो आणि साधारण फटीएवढी ऊर्जा एका फोटॉनच्या रूपाने बाहेर टाकतो. फट मोठी तर प्रकाश निळा, लहान तर लाल, आणखी लहान तर डोळ्याला न दिसणारा अवरक्त.

फोटॉनची ऊर्जा म्हणजे प्लँकचा स्थिरांक गुणिले वारंवारिता. इलेक्ट्रॉनला बॅटरीकडून मिळालेली ऊर्जा म्हणजे त्याचा प्रभार गुणिले व्होल्टेज. या दोन्ही सारख्या आहेत असे धरले की व्होल्टेज आणि रंग यांचा थेट संबंध लागतो. हिशेबासाठी एक आकडा पाठ असावा: १२४०. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागले की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये (एका इलेक्ट्रॉनला एका व्होल्टने मिळणारी ऊर्जा हे एकक) मिळते. ६३० नॅनोमीटरचा लाल फोटॉन १.९७ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, ४७० नॅनोमीटरचा निळा २.६४ चा.

गोम आहे ती ‘सारख्या धरल्या’ या शब्दांत. एलईडी हा डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा घटक आहे, आणि डायोडला ‘इथपर्यंत बंद, इथून पुढे चालू’ अशी रेघ नसते. व्होल्टेज दर ६० ते १२० मिलीव्होल्टने वाढले की करंट दहापट होतो. हा क्रम मायक्रोअँपिअरच्या खूप खालपासून सुरू असतो. इलेक्ट्रॉनांकडे खोलीच्या तापमानाची स्वतःची उष्णताऊर्जा असते, त्यामुळे फटीएवढे व्होल्टेज होण्याच्या बरेच आधी त्यातले काही पलीकडे पोचतात आणि प्रकाश पडू लागतो. मग ‘सुरू होण्याचे व्होल्टेज’ कुठले घ्यायचे? ज्याचे डोळे जितके तीक्ष्ण, त्याचे उत्तर तितके कमी.

त्यात डोळा निःपक्ष नाही. उजेडात तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्याला सर्वांत संवेदनशील असतो, अंधाराला सरावल्यावर ५०७ च्या आसपास. हिरवा एलईडी अगदी थोड्या करंटला दिसतो, गडद लालला आणि जांभळ्याला जास्त करंट लागतो, आणि अवरक्त तर दिसतच नाही. म्हणजे प्रत्येक एलईडी वेगळ्या करंटला मोजला जातो आणि तुलनेला अर्थ उरत नाही.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही एकत्र वापरायचे. एक, सगळ्या एलईडींमधून एकच, अगदी लहान करंट सोडायचा (इथे १० मायक्रोअँपिअर) आणि त्या वेळचे व्होल्टेज टिपायचे. दोन, कुठल्याही एका एलईडीवरून उत्तर काढायचे नाही. व्होल्टेज आणि वारंवारिता यांचा आलेख काढायचा आणि फक्त त्याचा उतार वापरायचा. सगळ्या एलईडींमध्ये जी सामाईक घट आहे ती रेषेला खाली सरकवते, पण तिचा कल फारसा बदलत नाही.

रॉबर्ट मिलिकनने १९१६ मध्ये प्रकाशविद्युत परिणामावरून (प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडणे) प्लँकचा स्थिरांक काढला तो याच युक्तीने. धातूच्या पृष्ठभागाची भानगड त्याने रेषेच्या छेदावर सोडली आणि स्थिरांक उतारातून घेतला. गंमत म्हणजे प्रकाश फोटॉनांच्या रूपाने येतो हे आइन्स्टाइनचे १९०५ चे स्पष्टीकरण त्याला स्वतःला पटत नव्हते. मोजमापांनी मात्र तेच खरे ठरवले.

सामान

- ९ व्होल्टची बॅटरी आणि तिचा क्लिप
- १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर (दांडा फिरवून बदलता येणारा, तीन टोकांचा रेझिस्टर). बहुफेरी मिळाला तर उत्तम, एकफेरी चालतो
- १० किलोओहमचा एक रेझिस्टर, पाव वॅटचा (५ टक्केवाल्यावर तपकिरी, काळा, नारिंगी), शक्यतो १ टक्का अचूकतेचा
- १ किलोओहमचा एक रेझिस्टर, फक्त प्रकाश जास्त हवा असेल त्या कामांसाठी
- ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता जोडणी करायची भोकांची पाटी) आणि जोडतारा
- २०० मिलीव्होल्ट व २ व्होल्ट पल्ला असलेला डिजिटल मल्टिमीटर. दोन असतील तर काम निम्मे
- काळ्या कागदाची नळी किंवा एलईडीवर बसेल असे काळे टोपण
- ५ मिलिमीटरचे एलईडी: अवरक्त ९४०, लाल ६३०, पिवळा ५९०, हिरवा ५२५, निळा ४७०, जांभळा ४०० नॅनोमीटर

एलईडी निवडताना घाई करू नका, कारण निम्मे प्रयोग इथेच फसतात. पारदर्शक काचेसारखे डोके असलेलेच घ्या. रंगीत प्लॅस्टिक असले की दिसणारा रंग प्लॅस्टिकचा की आतल्या चिपचा, हे सांगता येत नाही. पांढरा एलईडी अजिबात नको. तो मुळात निळा असतो आणि त्यावरच्या पिवळ्या फॉस्फरमुळे (निळा प्रकाश शोषून पिवळा देणाऱ्या लेपामुळे) पांढरा दिसतो. गुलाबीचेही बहुधा तसेच. आपोआप लुकलुकणारे एलईडी आणि ‘थेट १२ व्होल्टला जोडा’ असे लिहिलेले एलईडी बाजूला ठेवा; पहिल्यांत आयसी आणि दुसऱ्यांत रेझिस्टर आधीच दडलेला असतो. पोपटी हिरव्या रंगाचे जुने, ५६५ नॅनोमीटरच्या आसपासचे एलईडी गॅलियम फॉस्फाइडचे असतात आणि त्यांत प्रकाश नायट्रोजनच्या भेसळीवरून पडतो. ते रेषेवर नीट बसत नाहीत, म्हणून गडद पाचूसारखा हिरवा शोधा.

जोडणी

पोटेन्शिओमीटरची कडेची दोन टोके बॅटरीच्या धन आणि ऋण टोकांना जोडा. मधल्या टोकापासून १० किलोओहमचा रेझिस्टर, त्याच्यापुढे एलईडीचा लांब पाय, आणि आखूड पाय परत बॅटरीच्या ऋण टोकाला. पाय कापलेले असतील तर एलईडीच्या कडेचा सपाट भाग बघा. तो ऋण बाजू दाखवतो.

या जोडणीत पोटेन्शिओमीटर व्होल्टेज विभाजक म्हणून वापरला आहे. नुसता बदलता रेझिस्टर म्हणून एलईडीच्या मालिकेत जोडला तर १० मायक्रोअँपिअरपर्यंत खाली येताच येत नाही. १० आणि १० मिळून २० किलोओहम झाले तरी करंट ३०० मायक्रोअँपिअरच्या वरच राहतो. विभाजकात मात्र शून्यापासून सुरुवात होते.

१० किलोओहमचा रेझिस्टर दोन कामे करतो. पहिले रक्षणाचे: पोटेन्शिओमीटर पूर्ण फिरवला तरी लाल एलईडीतून जास्तीत जास्त (९ − १.७) ÷ १०,००० म्हणजे ०.७३ मिलीअँपिअर वाहील, आणि सरळ जोडलेला कुठलाही एलईडी यात जळणार नाही. दुसरे मापनाचे: त्याच्यावरचे व्होल्टेज मोजले की ओहमच्या नियमाने करंट लगेच कळतो. १०० मिलीव्होल्ट म्हणजे बरोबर १० मायक्रोअँपिअर. मल्टिमीटरचा करंट पल्ला वापरावाच लागत नाही, आणि प्रोब करंटच्या खोबणीत विसरून बॅटरीला लावला की फ्यूज उडतो तो प्रसंगही टळतो.

रेझिस्टर जोडण्याआधी सुटा मोजून घ्या आणि खरा आकडा वहीत लिहा. ५ टक्केवाला असेल तर तो ९.६ किलोओहमही निघू शकतो. परिपथात बसवल्यावर, त्यातही बॅटरी लावलेली असताना, ओहम पल्ल्यावर मोजण्यात अर्थ नाही.

एलईडी उलटा बसला तर उजळत नाही, एवढेच होत नाही. बहुतेक एलईडींची उलट्या व्होल्टेजची मर्यादा ५ व्होल्टच्या आसपास असते, आणि उलट्या एलईडीतून करंट वाहत नसल्याने रेझिस्टरवर काहीच पडत नाही; पोटेन्शिओमीटर वर असेल तर पूर्ण ९ व्होल्ट एलईडीवर येतात. निळे आणि जांभळे याने खराब होऊ शकतात. म्हणून दर वेळी नवा एलईडी लावण्याआधी पोटेन्शिओमीटर शून्यावर आणायचा, ही सवयच लावून घ्या.

ब्रेडबोर्डवर आडव्या ओळीतली पाच भोके आतून जोडलेली असतात, मधल्या खाचेपलीकडची पाच वेगळी. कडेच्या लांब पट्ट्या काही बोर्डांवर अर्ध्यात तुटलेल्या असतात. वीज ‘गायब’ झाली की आधी तिथे बघा.

मोजणी

पोटेन्शिओमीटर शून्यावर ठेवून एलईडी लावा आणि त्यावर काळे टोपण घाला. टोपण दिखाऊ नाही. एलईडी स्वतः प्रकाश पकडतो; उन्हात नुसता धरला तरी मल्टिमीटरवर एखाद्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसू शकतो. १० मायक्रोअँपिअरच्या मापात खोलीतला झगझगीत दिवाही ढवळाढवळ करतो. टोपण काढून घालून आकडा हलतो का ते एकदा पाहा, म्हणजे खात्री पटेल.

मल्टिमीटर २०० मिलीव्होल्टच्या पल्ल्यावर १० किलोओहमच्या रेझिस्टरला लावा. पोटेन्शिओमीटर हळूहळू फिरवा. सुरुवातीला बराच वेळ काहीच होणार नाही, मग आकडा एकदम पळू लागेल. एकफेरी पोटेन्शिओमीटरवर एका अंशाच्या हालचालीने करंट दोन-एक मायक्रोअँपिअरने बदलतो, त्यामुळे नेमका १०० गाठण्यासाठी झटापट करू नका. ९० ते ११० मिलीव्होल्टमध्ये कुठेही थांबलात तरी एलईडीच्या व्होल्टेजात फार तर ५ मिलीव्होल्टचा फरक पडतो. घातांकी वक्राचा हा फायदा. जो वक्र ‘सुरू होण्याचे व्होल्टेज’ ठरवू देत नाही, तोच इथे चूक पोटात घालतो.

आता पल्ला वाढवून मल्टिमीटर एलईडीला लावा. अवरक्त आणि लालसाठी २ व्होल्टचा पल्ला पुरतो, हिरव्यापासून पुढे २० व्होल्टचा लागतो. आकडा स्थिर झाला की लिहा. परत रेझिस्टरवर जाऊन करंट जागचा हलला नाही ना ते पाहा. प्रत्येक एलईडीसाठी हे तीनदा करा, दर वेळी पोटेन्शिओमीटर शून्यापासून वर आणत.

मल्टिमीटरचा स्वतःचा रोध इथे दुर्लक्षून चालत नाही. १० मेगाओहमचा मीटर २ व्होल्टला ०.२ मायक्रोअँपिअर खातो, म्हणजे २ टक्के. ते सोडून द्या. पण काही स्वस्त मीटर १ मेगाओहमचे असतात. ते २ मायक्रोअँपिअर, म्हणजे पाचवा हिस्सा, पळवतात आणि व्होल्टेज ५ ते १० मिलीव्होल्ट कमी दाखवतात. आपला मीटर कुठला हे ओळखायला १ मेगाओहमचा रेझिस्टर एका प्रोबच्या मालिकेत जोडून बॅटरी मोजा. ९ व्होल्टच्या जागी ८.२ आले तर मीटर १० मेगाओहमचा, साडेचार आले तर १ मेगाओहमचा.

बोटे लांब ठेवा. ओलसर त्वचेतून २ व्होल्टला काही मायक्रोअँपिअर सहज वाहतात, आणि इतक्या लहान करंटात तेवढ्याने आकडे नाचू लागतात. शिवाय एलईडी बोटांच्या उबेने तापला की त्याचे व्होल्टेज दर अंश सेल्सिअसला साधारण २ मिलीव्होल्टने घसरते. सगळे एलईडी एकाच बैठकीत मोजा. तीन सकाळी आणि तीन भर दुपारी असे नको.

अवरक्त एलईडी चालू आहे का हे डोळ्याला दिसत नाही. पोटेन्शिओमीटर वर नेऊन फोनच्या कॅमेऱ्यातून पाहा, फिकट जांभळट ठिपका दिसेल. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात अवरक्त गाळणी कडक असते, तेव्हा पुढचा वापरून बघा.

तरंगलांबी: पाकिटावर विसंबू नका

पाकिटावरची तरंगलांबी ढोबळ मानाने बरोबर असते, पण एकाच रंगाचे एलईडी १० नॅनोमीटरने सहज इकडेतिकडे असतात. जुनी सीडी ही उत्तम विवर्तन जाळी, म्हणजे बारीक समांतर रेघांनी प्रकाशाचे रंग वेगळे करणारी चकती आहे. तिच्या दोन लगतच्या खोबणींमधले अंतर १.६ मायक्रोमीटर, म्हणजे १६०० नॅनोमीटर असते. सीडीच्या छापील बाजूवर ब्लेडने चरा पाडा, चिकटपट्टी घट्ट दाबून ओढा. चंदेरी थर निघून येतो आणि खोबणी पारदर्शक प्लॅस्टिकवर शिल्लक राहतात. बाहेरच्या कडेजवळचा दोनेक सेंटिमीटर रुंद तुकडा कापा. आतल्या भागात खोबणी जास्त वळलेल्या असतात म्हणून तो नको.

काळ्या कार्डाला एक मिलिमीटर रुंद उभी फट पाडा, मागे एलईडी ठेवा आणि फटीच्या पातळीत आडवी मोजपट्टी लावा. प्रकाश भरपूर हवा म्हणून इथे १० च्या जागी १ किलोओहमचा रेझिस्टर वापरा. लालला ७ आणि निळ्याला ६ मिलीअँपिअर मिळतात. फटीपासून ५० सेंटिमीटरवर सीडीचा तुकडा डोळ्यासमोर असा धरा की खोबणी उभ्या राहतील. समोर फट दिसेल, आणि डावी-उजवीकडे मोजपट्टीवर रंगाचे पट्टे. पट्ट्याच्या सर्वांत उजळ मध्याचे फटीपासूनचे अंतर दोन्ही बाजूंना मोजा आणि सरासरी घ्या. तुकडा जरा तिरपा धरला गेला असेल तर सरासरीत ती चूक बरीचशी निघून जाते.

तरंगलांबी = १६०० × बाजूचे अंतर ÷ (बाजूच्या अंतराचा वर्ग + ५० चा वर्ग, यांच्या बेरजेचे वर्गमूळ). लाल पट्टा २१.४ सेंटिमीटरवर दिसला तर ६३० नॅनोमीटर, निळा १५.४ वर दिसला तर ४७१. ताळा करायला सीएफएल दिवा लावून बघा: त्यातल्या पाऱ्याची ४३६ नॅनोमीटरची निळी-जांभळी रेषा १४.२ सेंटिमीटरवर यायला हवी.

दिवा लावलाच आहे तर घटकाभर तसाच बघत राहा. पाऱ्याची ती रेषा बारीक आणि तीक्ष्ण आहे, तर एलईडीचा पट्टा २० ते ४० नॅनोमीटर रुंद. विरळ वायूतल्या एकट्या अणूच्या पातळ्या आणि स्फटिकातले पसरलेले पट्टे यांतला फरक इतक्या सहज दुसरीकडे दिसणार नाही.

अवरक्तची तरंगलांबी डोळ्याने मोजता येत नसल्याने तिथे ९४० हाच आकडा धरा.

आलेख आणि उत्तर

वारंवारिता टेराहर्ट्झमध्ये काढायला २,९९,७९२ ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागा. आडव्या अक्षावर १०० टेराहर्ट्झचे एकक घ्या, उभ्यावर व्होल्ट. हिशेब दाखवण्यासाठी हा एक नमुना. तुमचे आकडे हेच येतील असे नाही.

अवरक्त ९४०: वारंवारिता ३.१९, व्होल्टेज १.००
लाल ६३०: ४.७६, १.५८
पिवळा ५९०: ५.०८, १.६६
हिरवा ५२५: ५.७१, २.०८
निळा ४७०: ६.३८, २.३३
जांभळा ४००: ७.४९, २.७५

पारदर्शक पट्टी ठेवून अशी रेषा ओढा की बिंदू वर-खाली सारखे विभागले जातील. रेषा उगमबिंदूतून नेण्याचा मोह टाळा. उतार काढताना रेषेवरचीच दोन दूरची ठिकाणे घ्या, मोजलेले बिंदू नव्हेत. नमुन्याच्या रेषेवर ३.० ला ०.८८ व्होल्ट आणि ७.५ ला २.७६ व्होल्ट येतात. उतार १.८८ ÷ ४.५ म्हणजे ०.४१८. त्याला इलेक्ट्रॉनच्या प्रभारासाठी १६.०२ ने गुणले की ६.७० मिळतात, आणि हा आकडा ‘गुणिले १० चा उणे ३४ वा घात’ जूल-सेकंद या एककात वाचायचा. खरी किंमत याच एककात ६.६२६०७०१५. ही किंमत २० मे २०१९ पासून मोजली जात नाही, ठरवून दिलेली आहे. तेव्हा काटेकोर बोलायचे तर आपण निसर्गाची नव्हे, आपल्या एलईडींची आणि मीटरची परीक्षा घेतो आहोत.

आता याच आकड्यांवर चुकीची रीत वापरून पाहा. एकटा निळा: २.३३ ÷ ६.३८ × १६.०२ = ५.८५, म्हणजे १२ टक्के कमी. एकटा अवरक्त: १.०० ÷ ३.१९ × १६.०२ = ५.०२, २४ टक्के कमी. उतार मात्र दीड टक्क्याच्या आत. रेषा उभ्या अक्षाला उणे ०.३७ व्होल्टला छेदते, आणि एकेकट्या एलईडीला फसवणारी घट ती हीच. तिच्यात करंट किती निवडला तेही सामावले आहे.

बिंदू रेषेवर तंतोतंत बसणार नाहीत, आणि बसले तर संशय घ्या. नमुन्यात पिवळा रेषेच्या खाली आणि हिरवा वर आहे. लाल आणि पिवळे एलईडी ॲल्युमिनियम गॅलियम इंडियम फॉस्फाइडचे, तर हिरवे, निळे आणि जांभळे इंडियम गॅलियम नायट्राइडचे असतात. दोन घराण्यांचे डायोड एकाच सुरात गात नाहीत. म्हणूनच फक्त लाल आणि पिवळा घेऊन उतार काढाल तर ०.०८ ÷ ०.३२ × १६.०२ = ४.० असे हास्यास्पद उत्तर येते. दोन्ही टोकांचे, म्हणजे अवरक्त आणि जांभळा हे बिंदू उताराला खरा आधार देतात. ते टाळू नका.

करंट बदलून पुन्हा

हा भाग बहुतेक जण सोडतात, आणि आमच्या मते तोच सर्वांत शिकवणारा आहे. १० किलोओहमवर १०० च्या जागी ५०० मिलीव्होल्ट आणा, म्हणजे ५० मायक्रोअँपिअर, आणि सहाही एलईडी परत मोजा. प्रत्येकाचे व्होल्टेज वाढेल. आदर्श डायोडला वाढ ४२ मिलीव्होल्ट हवी, कारण २७ अंश सेल्सिअसला उष्णतेचे व्होल्टेज (उष्णताऊर्जा भागिले इलेक्ट्रॉनचा प्रभार) २५.८५ मिलीव्होल्ट आहे आणि पाचच्या नैसर्गिक लॉगने, १.६१ ने, त्याला गुणायचे. प्रत्यक्षात वाढ ८० च्या आसपासही दिसेल. मिळालेल्या वाढीला ४२ ने भागले की त्या डायोडचा आदर्शता गुणांक मिळतो. तो साधारण १ ते २ मध्ये असतो, नायट्राइडवाल्यांत कधी २ च्याही वर.

दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा. रेषा वर सरकलेली दिसेल, उतार जवळपास तोच. उतार लक्षणीय बदलला, तर एलईडींचे गुणांक एकमेकांपासून फार वेगळे आहेत असे समजा आणि लहान करंटच्या उतारावर जास्त विश्वास ठेवा.

उत्तर फारच चुकले तर

सगळी व्होल्टेजे सारखीच कमी असतील तर घाबरू नका, उताराला त्याने धक्का लागत नाही. एकच बिंदू दोन-तीन दशांश व्होल्टने भरकटला असेल तर तो एलईडी बदला. बहुधा आत फॉस्फर किंवा रेझिस्टर असतो, किंवा उलटा जोडून तो आधीच खराब झालेला असतो. खराब नायट्राइड एलईडी ओळखायची खूण म्हणजे एक-दीड व्होल्टलाच १० मायक्रोअँपिअर वाहणे आणि प्रकाशाचा पत्ता नसणे. करंट चिपच्या कडेने गळत असतो.

रेझिस्टरवरचा आकडा सतत खाली-वर होत असेल तर पोटेन्शिओमीटरचा मधला स्पर्श घाणलेला आहे. तो टोकापासून टोकापर्यंत दहा-वीस वेळा फिरवा. आकडा एकाच दिशेने सरकत असेल तर बॅटरी उतरते आहे किंवा एलईडी नुकताच हाताळल्याने गार होतो आहे. मिनिटभर थांबून पाहा.

फोटॉनची उलटी वाट

जोडणी मोडण्याआधी रेझिस्टर १ किलोओहमचा करून पिवळा एलईडी लखलखीत पेटवा आणि त्याच्या डोक्याला डोके लावून एक सुटा लाल एलईडी धरा. लालच्या पायांना मल्टिमीटर लावा, २ व्होल्टच्या पल्ल्यावर. दोघांवर काळी नळी सरकवा. लालमध्ये व्होल्टेज दिसेल: पिवळ्या फोटॉनची २.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लालची फट ओलांडायला पुरते. आता अदलाबदल करा, लाल पेटवा आणि पिवळ्यावर मोजा. आकडा जवळजवळ शून्य. लाल कितीही प्रखर केला, शेजारी दुसरा लाल लावला, तरी तो हलत नाही. लाल फोटॉनांची संख्या वाढली, पण एकेकाची ऊर्जा १.९७ च राहिली.

लालवर निळा प्रकाश टाकून पाहाल तर काही एलईडींत अपेक्षेपेक्षा कमी आकडा येतो. निळ्याची ऊर्जा पुरेशी असते, पण चिपच्या वरचाच थर तो गिळतो आणि खालपर्यंत थोडाच पोचतो. ही चाचणी करताना मीटरचा रोध पुन्हा आडवा येतो: १ मेगाओहमच्या मीटरवर व्होल्टेज बरेच कमी दिसते, कारण लाल एलईडी इथे बॅटरीचे काम करतो आणि तिची ताकद मायक्रोअँपिअरच्याही खालची असू शकते.